बैलगाड्याचा घाट व मालकांची संघटना

शर्यत हा शब्द उच्चारला कीं नागर मनुष्याच्या दृष्टीपुढें पुण्याचें अथवा महालक्ष्मीचें घोड्यांचें मैदान उभें राहतें. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत मात्र शर्यत म्हणजे बैलगाडा, आणि मैदान म्हणजे घाट. हा घाट डोंगर उतरण्याचा नव्हे. गांवाशेजारच्या चढणीवर आंखलेली ती धांवपट्टी होय. पुढें घोडी दौडते, तिच्या मागें बैल उसळतात, आणि कांहीं सेकंदांत बारी संपते. नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाच्या यात्रेला याच थराराकरितां पंचक्रोशी लोटते.

घोड्यांच्या शर्यतीस क्लब असतो. मैदान, नोंदवही, पंच व शिक्षा हीं सर्व त्याच्या हातीं असतात. बैलगाड्यास तसें कांहीं नव्हतें. घाट गांवच्या यात्रेचा, बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यांतले, आणि मालक परस्परांचे प्रतिस्पर्धी. त्यांना एकत्र आणलें तें बंदीनें.

खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादींत केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं बैल घातला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बेकायदा ठरविल्या. मोर्चे, शिष्टमंडळें व न्यायालयीन लढा हीं कामें एकट्यादुकट्याच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. तीं अखिल भारतीय बैलगाडा संघटनेसारख्या संस्थांनीं अंगावर घेतलीं. २०१७ सालीं राज्य विधिमंडळानें कायदा केला, परंतु त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें शर्यतींना मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला.

मधलीं वर्षें कठीण होतीं. शर्यतीसाठीं वाढविलेल्या खिलार बैलाला ट्रॅक्टरच्या युगांत शेतांत काम उरलें नव्हतें; त्याचा खुराक मात्र चुकत नव्हता. दावणीचा बैल ठेवावा कीं बाजार दाखवावा, हा प्रश्न अनेक घरांपुढें होता.

तथापि प्राणिमित्रांचा आक्षेप निराधार होता, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. पराणीची टोंचणी, काठीचा मार, विजेचा धक्का हे प्रकार घाटांत घडत होते. म्हणूनच आतां जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे, आणि बैलास इजा करणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

येथेंच संघटनेची खरी कसोटी लागते. परक्याविरुद्ध न्यायालयांत उभें राहणें एक वेळ सोपें. पण बैलास धक्का देऊन पहिला आलेल्या आपल्याच सभासदास भर घाटांत बाद करणें अवघड. सरकारी पहारा प्रत्येक बारीस पुरा पडत नाहीं. मालकांचे डोळे मात्र सर्वत्र असतात. मुभा अटींवर मिळाली आहे. त्या अटी एकानें मोडल्या तर पुन्हां दावणी रिकाम्या होण्याची वेळ सर्वांवर येईल. बैलाला बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें प्रथम बोलावें तें त्याच्या धन्यानें.