हाड आहे तर हाड लिही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. खरं सांगायचं तर त्या क्षेत्रात माझी वाटचाल कमी आणि बैठक जास्त झाली. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी एका चाकूबद्दल बोलणार आहे. घडी न होणारा, सरळ पात्याचा, हाडाच्या मुठीचा चाकू. तो मी ऑनलाइन विकते. बनवत नाही. बनवणारा आपल्याच वर्गातला आहे, आत्ता इथेच बसला आहे, आणि नाव घेतलंस तर उठून जाईन अशी धमकी त्याने सकाळीच दिली आहे. नावाची गरज नाही. शाळा सुटल्यावर ज्याच्या घरचा भाता ओढायला मिळावा म्हणून आपण भांडायचो, तोच.

तीन वर्षांपूर्वी सातबाऱ्याच्या कामाला गावी आले होते, तेव्हा त्याच्या भट्टीपाशी थांबले. उसाच्या हंगामाआधीचे दिवस, कोयत्यांचा ढीग पडलेला. बाजूला त्याने स्वतःसाठी केलेला एक चाकू होता. आजोबांच्या चाकूला हाडाची मूठ होती, तशीच याला बसवलेली. मी किंमत विचारली तर म्हणाला, “घेऊन जा, तुझ्याकडून पैसे कसले?” पुण्याला परत जाईपर्यंत माझ्या डोक्यात दुकान उघडलं होतं.

चाकू कसा होतो ते थोडं सांगते. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून सरळ करायचा, घणाखाली पातळ करायचा, मग कानस. खरी परीक्षा पाणी देण्याची. लाल झालेल्या पात्याला तो लोहचुंबक लावून बघतो. चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडी आच, आणि लगेच तेलात. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व गमावतं हे मी इंजिनिअरिंगला पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्कही घेतले होते. ते कशाला लागतं हे त्याच्या भट्टीपाशी कळलं. तेलातून काढलेलं पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर तुटेल. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तास-तासभर दोनदा तापवायचं. आधी तो हे रंगावर ओळखायचा, वाळल्या गवतासारखा पिवळा आला की पुरे. आता त्यासाठी माझ्या घरचा जुना ओव्हन आहे. धंद्यात माझं भांडवल तेवढंच.

मुठीचं हाड म्हशीच्या पायाची नळी. ते साबणाच्या पाण्यात मंद उकळून त्यातली चरबी काढायची. हे काम घराच्या मागे होतं, कारण वहिनींनी एकही भांडं द्यायला नकार दिला. मग ते सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, आणि घाईत तर नाहीच. कापताना-घासताना तोंडाला मास्क लागतो, ती धूळ छातीला वाईट. शेवटी दोन्ही बाजूंना पट्ट्या, पितळी रिवेट आणि पॉलिश. एका चाकूला वाळवण्याचे दिवस सोडून अडीच दिवस जातात. मी किंमत २८०० ठेवली. आकडा ऐकून तो लाजला; त्याचा कोयता ३०० ला जातो.

पहिली जाहिरात मी लिहिली. त्यात शिकार होती, जंगल होतं, प्राचीन परंपरा होती. दोन तासांत विक्रीच्या संकेतस्थळाने ती उडवली. मला राग यायला हवा होता, पण असले शब्द पकडणारे प्रोग्रॅम मीसुद्धा पोटासाठी लिहिले आहेत. मग कायदा वाचला. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारी शस्त्रांत मोडतात. घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आमचं पातं साडेचार इंचांचं. दुसऱ्यांदा मी ‘स्वयंपाकघर आणि शेतीसाठी’ असं लिहिलं, आणि मुठीपुढे ‘नैसर्गिक’. हाड म्हटलं तर शाकाहारी गिऱ्हाईक जाईल हा माझा हिशेब. त्याने मुलीकडून वाचून घेतलं आणि फोन केला. “नैसर्गिक म्हणजे काय? शेणही नैसर्गिक असतं. हाड आहे तर हाड लिही, म्हशीचं आहे तर म्हशीचं लिही.” लिहिलं. दोघांनी मागणी रद्द केली. एकाने उलट दुप्पट पैसे देतो म्हणून सांबरशिंगाची मूठ मागितली. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो व्यापार करता येत नाही, शिंग गळून पडलेलं असलं तरी. हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

आता जे सांगायला आले आहे ते सांगते. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी एकदम सहा मागण्या आल्या. त्याच्याकडे वाळलेलं हाड चारच चाकूंपुरतं होतं. तो म्हणाला, दोघांना महिनाभर थांबायला सांग. मी म्हणाले, तारीख दिली आहे. आमच्या ऑफिसात तारीख म्हणजे तारीख. त्याने माझ्या शब्दाखातर ओलसर हाड लावलं. त्यातला एक चाकू नागपूरला गेला आणि मे महिन्यात त्याची मूठ रिवेटपासून तडकली. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. मी उत्तरात लिहिलं की कारागिराकडून चूक झाली, आम्ही त्यांना समज दिली आहे.

समज. तेही त्याच्या मुलीने त्याला वाचून दाखवलं. त्याने मला फोन केला नाही, ओरडला नाही. नवी मूठ बसवून चाकू स्वतःच्या खर्चाने नागपूरला पाठवला आणि पुढचे चार महिने एकही चाकू केला नाही. मी कोयत्यांचा हंगाम असेल अशी स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी भट्टीवर गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “तू पहिल्या बाकावरची ना. चूक मागच्याच बाकाची असणार.”

तेव्हा मी त्याची एकट्याची माफी मागितली. पण ते पत्र परक्या माणसाला गेलं होतं, म्हणून आज तुमच्यासमोर सांगते आहे. हाड ओलं होतं हे त्याने मला सांगितलं होतं. घाई माझी होती.

आता जाहिरातीत ‘तयार झाल्यावर पाठवू’ असं लिहिलेलं असतं. वर्षाला दहा-बारा चाकू जातात, जास्त नाही. पात्यावर त्याचं नाव घालू या म्हटलं तर नको म्हणाला. आजोबा कोयत्यावर छिन्नीने तीन ठिपके मारायचे, तेच मारतो.

एक चाकू सोबत आणला आहे, टेबलावर ठेवते. साधं पोलाद आहे, गंजतं, तेव्हा बघून झाल्यावर फडक्याने पुसा. आणि हातातून हातात देऊ नका. त्याच्याकडची पद्धत आहे, खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. कुलकर्णीबाई, आधी तुम्ही.