कंद केव्हा काढावा?



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय होतात. आज कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने कंदमुळांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण चाळीमागच्या हातभर जागेत आणि चार पोत्यांत मी बरीच वर्षे बटाटा, सुरण, रताळे लावीत आलो आहे. आंबा डोळ्यांदेखत पिकतो. कंदाचे सारे मातीआड. तो तयार झाला हे ओळखावे कसे, एवढाच आजचा प्रश्न.

बटाटा सरळ स्वभावाचा. कार्तिकात लावला की तीन-सव्वातीन महिन्यांत पाला पिवळा पडून आडवा होतो. तेव्हा पाणी तोडावे आणि आणखी दहा-पंधरा दिवस हात लावू नये. या दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने चोळावा. साल सुटली तर थांबावे, कारण कच्च्या सालीचा बटाटा टिकत नाही. काढल्यावर उन्हात ठेवू नये. तो हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा विषारी असतो.

सुरण वैशाखात लावावा. छत्रीसारखे त्याचे पान पिवळे होऊन कोलमडले, की आठ-नऊ महिन्यांनी कंद भरला असे समजावे. इथेही झाड आपण होऊन सांगते.

अडचण रताळ्याची. बटाट्याचा पाला आपले काम संपवून मरतो; रताळ्याचा वेल ओल मिळेल तोवर वाढतच राहतो. त्याची वाट पाहणाऱ्याला तो काही सांगत नाही.

एका वर्षी वेलाची कांडी लावायला मला पौष उजाडला. महाशिवरात्रीला जेमतेम दोन महिने. शेणखत भरपूर, पाला गच्च; मला वाटले, खाली खजिना असणार. शेजारच्या चार घरांना उपासाची रताळी कबूल केली आणि आदल्या दिवशी सगळा वाफा उपसला. निघाली बोटाएवढी मुळे! पुढच्या वर्षी शहाणपण दाखवले. पाला पिवळा होईपर्यंत थांबलो. तो काही होईना. शेवटी खणले तेव्हा माती भेगाळली होती, भेगांतून सोंड्या भुंगा आत शिरला होता, आणि निम्मी रताळी कडू झाली होती.

मग एका जुन्या शेतकऱ्याने उपाय सांगितला. साडेतीन महिने झाले की वाफ्याच्या कडेची माती हलकेच सारावी, एकच रताळे काढावे, सुरीने कापावे आणि थोडा वेळ तसेच ठेवावे. कापलेला भाग हिरवट-काळा पडला, तर रताळे कच्चे. माती परत ओढून आठ-दहा दिवस थांबावे. चीक पांढरा राहून सुकला, तर काढणीला लागावे. काढलेली रताळी आठवडाभर सावलीत, वाऱ्याला ठेवावी. आतल्या पिठाची साखर होत जाते आणि गोडी वाढते.

हा उपाय ऐकताना मला माझी एक जुनी चूक आठवली. एका गिरणीच्या दरवाजासभेत पुढचे दोनशे लोक घोषणा देत होते, मागचे गप्प उभे होते. त्यांचे गप्प राहणे मी होकार समजलो आणि संप पुकारला. चौथ्या दिवशी तीच माणसे खाली मान घालून कामावर गेली. पुढे राहिलेल्या अकरा जणांची नोकरी गेली. दोष मागच्यांचा नव्हता. कुणाच्या घरी बाळंतपण होते, कुणावर सावकाराचा तगादा होता. मी एकाच्याही दारी जाऊन विचारले नव्हते. वरचा हिरवा पाला पाहून मी खालचा हिशेब केला होता.

म्हणून परसात एवढे सांभाळा. बटाटा आणि सुरण सांगतील, तेव्हा ऐका. रताळे सांगणार नाही, त्याला विचारा. विचारण्यासाठी सगळा वाफा उपसावा लागत नाही, एक रताळे पुरते. आणि सण पंचांगात आला म्हणून कंद तयार होत नाही. महाशिवरात्रीला रताळी हवी असतील तर वेल कार्तिकातच लावा.

आपण शांतपणे ऐकलेत. पण शांततेवर मी आता विसंबत नाही. शंका असतील त्या अवश्य विचाराव्यात.