फोटो यंत्राचा की हाताचा?



कॅमेऱ्याची करामत दाखवण्यासाठी जो फोटो लोकांपुढे ठेवला जातो, त्यावर मागाहून हात फिरवला असेल तर छायाचित्रकाराने तसे सांगावे की नाही? मी म्हणतो, सांगितलेच पाहिजे. असे म्हणताना रिटचिंगला मी मुळीच नावे ठेवीत नाही. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवीत. गिऱ्हाईक तिथे त्या हाताचेच पैसे देत असे. परंतु फोटो जेव्हा यंत्राचा दाखला म्हणून पुढे येतो, तेव्हा गिऱ्हाईक पैसे देते यंत्राचे. हात काही त्याला डब्यात घालून मिळत नाही.

ह्या बाबतीत दादासाहेब फाळक्यांकडे पाहावे. 1912 साली त्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? त्यांनी वाटाणा पेरला, दिवसामागून दिवस त्याची थोडथोडी फिल्म घेतली आणि 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. कित्येक दिवसांचा वेल पडद्यावर पाहता पाहता वाढला, आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. ही कॅमेऱ्याची जाहिरातच नव्हे काय? पण वाटाणा असा झरझर वाढत नाही हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते, म्हणजे त्या चित्रातली युक्ती स्वतःच बोलत होती. पुढे तर चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपटच त्यांनी काढला, आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. कृती उघड केल्याने फाळक्यांचे काही कमी झाले नाही.

आता शंभर वर्षे पुढे या. 2012 साली नोकियाने ल्युमिया 920 ह्या फोनची जाहिरात केली. सायकलवरची मुलगी, आणि चित्रण कसे अगदी स्थिर! पण मागच्या काचेत एक गाडी, तीत मोठा कॅमेरा घेतलेला माणूस उमटला होता. कंपनीला माफी मागावी लागली. 2016 साली हुवावेने पी 9 फोनची तारीफ करताना जो फोटो दिला, तो कॅननच्या भारी कॅमेऱ्यावर काढलेला निघाला. फोटोच्या पोटात दडलेल्या नोंदीनेच चुगली केली. उलट 2023 साली ॲपलने आपला एक कार्यक्रम आयफोनवर चित्रित केला आणि त्यासाठी वापरलेले दिवे, क्रेन वगैरे सरंजामही लोकांना दाखवला. फोन त्यामुळे कुणाला हलका वाटला असेल, असे मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, हल्ली कोरा फोटो असतो कुठे? खरे आहे. कारागीरच आता यंत्रात जाऊन बसला आहे. 2023 साली एकाने चंद्राचे मुद्दाम अंधूक केलेले चित्र संगणकावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर फोनने त्यावर नसलेले खळगे उमटवले. पण म्हणून सांगण्याचे ओझे कमी होते काय? उलट ते वाढते. डब्यातल्या यंत्राने आपण होऊन केले ते वेगळे, आणि फोटोवाल्याने घरी संगणकावर बसून केले ते वेगळे. गिऱ्हाइकाला पहिले मिळणार आहे, दुसरे नाही.

सावंगीच्या माणसाला तर हा प्रश्न केवळ हौशीचा नाही. गावात एवढे मोठे रुग्णालय आहे. समजा, एखाद्या खेड्यातल्या बाईने अंगावरच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. जाहिरातीत कातडी नितळ दिसली म्हणून घरच्यांनी तो फोन हप्त्याने घेतलेला. ती नितळाई भिंगाची होती की कातडी गुळगुळीत करण्याच्या सोयीची, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही. डॉक्टरांना नेमका तो डागच पाहायचा असतो, आणि फोनने तो कधीच पुसून टाकलेला असतो!

छायाचित्रकाराने करायचे ते एवढेच: फोटोखाली एक ओळ. कॅमेरा कोणता, भिंग कोणते, दिवे लावले होते काय, आणि मागाहून काय केले. आपल्या कसबाचा अभिमान असणाऱ्याला ती लिहायला लाज वाटण्याचे कारण मला तरी दिसत नाही.