चढवणे आणि उतरवणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अपलोड आणि डाउनलोड हे दोन शब्द हल्ली हळदीकुंकवातही कानांवर पडतात आणि त्यांची सरमिसळ होते. त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी राहिले आहे.

आपण कॉटन ग्रीनच्या रहिवासी. कुलाब्याचा कापूसबाजार गेल्या शतकात इकडे आला आणि गाठींसाठी गोदामे उभी राहिली. माल चढवणे आणि उतरवणे हे शब्द या वस्तीला कोणी शिकवायला नकोत. इथेही तसेच आहे. आपल्या मोबाइलमधला कागद किंवा फोटो दूरच्या मोठ्या संगणकावर पाठवणे म्हणजे अपलोड, अर्थात चढवणे. तिकडचा कागद आपल्याकडे आणून ठेवणे म्हणजे डाउनलोड, अर्थात उतरवणे. कागद आपल्याकडून निघाला की आपल्याकडे आला, एवढे पाहिले की घोटाळा होत नाही.

2024 साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज आपल्यापैकी पुष्कळजणींनी भरले. त्या वेळी हमीपत्राचा कोरा नमुना मोबाइलवर घेतला, तो डाउनलोड. तो छापून, भरून, सही करून त्याचा फोटो अर्जाला जोडला, तो अपलोड. एकाच कागदाने दोन्ही प्रवास केले.

मात्र गाठीत आणि फाइलीत एक मोठा फरक आहे आणि तोच मला आज मुख्यत्वे सांगायचा आहे. गाठ गाडीवर चढली की गोदामातली तिची जागा रिकामी होते. फाइल जागची हलत नाही; पुढे जाते ती तिची नक्कल. म्हणून चढवलेला फोटो आपल्या मोबाइलमधून पुसला, तरी तिकडची नक्कल राहतेच. तसेच दुकानातल्या संगणकावर आधारपत्र उतरवून छापून घेतले, तर आपण घरी एक कागद आणतो आणि फाइल दुकानातच ठेवून येतो. पैसे देऊन उठण्यापूर्वी ती आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावावी, संगणकाच्या कचरापेटीतूनसुद्धा. यात संकोच कसला? जिथे चालते तिथे नुसते शेवटचे चार आकडे दिसणारे आधारपत्र द्यावे. तेही आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवता येते.

उतरवतानाही जपावे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलीच्या नावाशेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतील, तर ती पत्रिका नव्हे. तो मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्राम आहे. अशा फाइलींनी लोकांची बँकेची खाती रिकामी झाली आहेत. तिला हात लावू नये.

आणखी एक. चढवायला बहुधा वेळ अधिक लागतो, कारण मोबाइलच्या जाळ्यात घेण्याची वाट रुंद आणि देण्याची अरुंद असते. चक्र फिरत असताना मोबाइल मिटू नये आणि अर्जाचा क्रमांक हाती आल्याशिवाय काम झाले असे मानू नये. माल पोचवला की पावती घ्यायचीच.

भगिनींनो, बटण मुलाने दाबले तरी हरकत नाही. पण कागद आपला आहे. तो कुठे गेला आणि त्याच्या नकला कुठे राहिल्या, हे घरच्या बाईला ठाऊक असले पाहिजे. एवढे बोलून आपली रजा घेते.