बिनब्रेकची फटफटी

ज्या वाहनाला थांबविण्याचें साधनच नाहीं, असें वाहन कोणी शहाणा मनुष्य मुद्दाम बनवील काय, असा प्रश्न केल्यास आपण बहुधा हंसून नकारार्थी मान हलवाल. परंतु अशीं वाहनें बनतात, विकलीं जातात, आणि त्यांवर स्वार होण्यासाठीं युरोपांतील तरुण जिवापाड मेहनत घेतात. 'स्पीडवे' या नांवाच्या शर्यतींत जी मोटारसायकल वापरतात, तिला पुढें ब्रेक नाहीं, मागें ब्रेक नाहीं, आणि गिअर काय तो एकच. ही फटफटी शर्यतीसाठीं कशी सज्ज करतात, आणि तिची सारी यंत्रविद्या अखेर कोणत्या एका गोष्टीवर येऊन ठेपते, तेवढें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम खेळाची थोडक्यांत ओळख. याचें मूळ सामान्यतः ऑस्ट्रेलियांत सांगतात. वेस्ट मेटलंड या गांवीं १९२३ च्या डिसेंबरांत जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडच्या गृहस्थानें कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर विजेच्या दिव्यांखालीं मोटारसायकलींच्या शर्यती भरविल्या. १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं लंडनजवळील हाय बीच येथें झालेल्या शर्यतींना हजारों लोक लोटले व इंग्लंडांत या खेळाचें एकच वेड पसरलें. १९३६ सालीं वेम्बली येथें पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा होऊन ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग विजयी झाला. आज या खेळाचें माहेरघर पोलंड म्हणावें लागेल. नियम सुटसुटीत आहेत. लंबवर्तुळाकार मार्ग २६० ते ४२५ मीटरांचा. चार स्वार, चार फेऱ्या, आणि सर्व वळणें डावीकडे. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चौथ्यास शून्य. सारा खेळ सुमारें एका मिनिटांत आटोपतो.

मग ब्रेक कां नाहीं? कारण चौघे स्वार चाकाला चाक भिडवून वळणांत शिरतात. पुढच्यानें एकाएकीं ब्रेक दाबला, तर मागचे त्याच्यावर आदळल्यावांचून राहणार नाहींत. शिवाय ब्रेकचें काम येथें दुसऱ्याच उपायानें होतें. वळणांत शिरतांना स्वार मागचें चाक मुद्दाम बाहेर घसरवितो. जावयाचें डावीकडे, पण पुढच्या चाकाचें तोंड मात्र उजवीकडे! डाव्या बुटाखालीं पोलादी तळवा बांधलेला असतो. तो जमिनीवर टेकवून स्वार तोल सांभाळतो. गाडी आडवी घसरत असल्यामुळें मातीचें घर्षणच तिचा वेग खातें, आणि त्याच वेळीं गरगर फिरणारें मागचें चाक तिला पुढें ढकलीत असतें. म्हणजे ब्रेक, सुकाणू आणि गति या तिन्ही गोष्टींचा भार एका मागच्या चाकावर, आणि त्या चाकाची दोरी स्वाराच्या उजव्या मुठींत. भीतीनें त्यानें ती मूठ एकदम मिटविली, म्हणजे चाकाची घसरण थांबते, टायर मातीला एकाएकीं घट्ट धरतो, आणि गाडी सरळ होऊन बाहेरच्या कुंपणाकडे झेप घेते. आपल्या नेहमींच्या रस्त्यावर जी सावधगिरी, तीच येथें घातक ठरते.

एकदां शर्यत सुरू झाली, कीं यंत्रांत तिळमात्र फेरफार करतां येत नाहीं. जें करावयाचें तें आधीं, मैदानामागच्या आवारांत, हातीं पाना घेऊन. यंत्र दिसण्यांत अगदीं साधें असतें. ५०० घनसेंटिमीटरचें एका सिलिंडरचें एंजिन, मागें कसलीहि स्प्रिंग नसलेला पोलादी सांगाडा, आणि नियमानें ठरविलेलें किमान वजन ७७ किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढें. त्या वजनाला जोडलेली शक्ति मात्र आजच्या एंजिनांत सत्तर अश्वशक्तीच्याहि पलीकडे जाते. एवढी शक्ति सैल मातीवर टेकवावयाची कशी, हाच खरा प्रश्न.

पहिला उपाय मागच्या दातेरी चक्राचा. गिअर बदलण्याची पेटी नसल्यामुळें गतीचें सारें गणित या चक्राच्या दांतांवर चालतें. समजा, मागें ५८ दांतांचें चक्र आहे व त्या जागीं ६० दांतांचें बसविलें. तर गाडीच्या त्याच वेगाला एंजिनास सुमारें साडेतीन टक्के अधिक फेरे घ्यावे लागतात. उठाव जोरदार होतो, परंतु चाक लवकर घसरूं लागतें, आणि सरळ भागाच्या शेवटीं एंजिनाची धांव आधींच संपते. उलट दांत कमी केले, तर लांब मार्गावर वेग साधतो, पण अरुंद वळणांतून बाहेर पडतांना एंजिन धापा टाकतें. म्हणून लहान मार्गाला अधिक दांत व मोठ्या मार्गाला कमी, हा सर्वसाधारण नियम. आणि त्या नियमाला त्या संध्याकाळची माती जी मुरड घालील, ती खरी.

दुसरी गोष्ट इंधनाची. या एंजिनांत पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल जाळतात. पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठीं हवेचे सुमारें पंधरा भाग लागतात. मिथेनॉलला साडेसहाच पुरतात. म्हणून तितक्याच हवेबरोबर तें दुपटीहून अधिक पाजावें लागतें, व कार्बुरेटरचीं छिद्रेंहि त्या मानानें मोठीं ठेवावीं लागतात. पण त्याचा गुण असा, कीं वाफ होतांना तें पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता शोषून घेतें. एंजिन आंतून थंड राहतें, आणि पिस्टनला मिश्रण फार घट्ट दाबतां येतें. अवगुणहि आहेत. त्याची ज्वाला दिवसाच्या उजेडांत जवळजवळ दिसत नाहीं, त्यामुळें आग लागली हें अंगाला चटका बसेपर्यंत कळत नाहीं. शिवाय तें हवेंतील ओलावा ओढून घेऊन धातूला गंज चढवितें. म्हणून खेळ संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बुरेटर धुवून ठेवणें हें मेकॅनिकचें नित्यकर्म होय. खनिज तेल मिथेनॉलमध्यें नीट मिसळत नाहीं, पण एरंडेल मिसळतें, आणि तापलेल्या धातूला चिकटूनहि राहतें. ज्या एरंडेलाच्या नुसत्या नांवानें आपल्याकडील मुलें तोंड फिरवीत, त्याच्याच जळक्या वासानें स्पीडवेच्या रसिकांच्या कित्येक पिढ्यांना आनंद दिला आहे!

उरलेले उपाय बारीक, पण मोलाचे आहेत. ठिणगी किंचित उशिरां पाडली, म्हणजे एंजिनाचा तापटपणा कमी होतो. निसरड्या मातीवर हें फार उपयोगी पडतें. क्लचच्या स्प्रिंगांचा ताण असा हवा, कीं आरंभाच्या फिती वर उडतांच शक्ति झपाट्यानें, पण हिसका न देतां चाकाकडे जाईल. हिसका बसला तर पुढचें चाक आकाशाकडे उठतें, नाहीं तर मागचें जागच्या जागीं खड्डा खणतें. टायरच्या ठोकळ्यांची एक कड झिजली, कीं टायर उलटा चढवून दुसरी ताजी कड मातीला देतात. आणि गाडी रेषेवर आणल्यावरहि स्वार बुटाच्या टाचेनें चाकाखालची माती उकरतांना, दाबतांना दिसेल. नवख्या प्रेक्षकाला तो चाळा वाटतो, पण ती यंत्राच्या जुळणीची अखेरची पायरी असते.

कारण माती स्थिर नसते. सोळा स्वारांच्या नेहमींच्या स्पर्धेंत वीस शर्यती होतात व प्रत्येकाच्या वांट्यास पांच येतात. मध्यंतरीं पाणी शिंपडतात, ट्रॅक्टरनें माती सारखी करतात. पण चाकें ती पुनःपुन्हां बाहेरच्या कडेला फेंकतात. आंतली कड उघडी व गुळगुळीत होते, बाहेर भुसभुशीत थर सांचतो. पहिल्या शर्यतींत जी जुळणी अचूक होती, ती दहाव्या शर्यतींत चुकीची ठरूं शकते. म्हणून चांगला मेकॅनिक एंजिनाचा आवाज ऐकतो तितक्याच लक्षपूर्वक मार्गाचा रंग पाहतो; काळपट ओली माती कोठें आहे व फिकट कोरडी कोठें, हें टिपून ठेवतो.

या खेळाचा इतिहासहि हेंच सांगतो. आरंभींच्या काळांत जळक्या कोळशाच्या चुरीच्या जाड थरावर डग्लस कंपनीची लांब गाडी शोभून दिसे. स्वार डावा पाय मागें ओढीत ऐटींत घसरत जाई. थर पातळ होत गेले, तशी लंडनच्या प्रेस्टविच कारखान्याच्या 'जॅप' एंजिनाची आटोपशीर गाडी पुढें आली, पाय पुढें टाकण्याची रीत रूढ झाली, आणि १९३० नंतर सुमारें तीन दशकें त्या एंजिनानें राज्य केलें. त्यानंतर झेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्यांचा काळ आला. जावा हें नांव, म्हैसूरच्या कारखान्यामुळें, आपणांसहि परकें नाहीं. १९९० च्या दशकांत एंजिन सांगाड्यांत जवळजवळ आडवें निजविण्यांत आलें, त्यानें गाडीचा भार खालीं उतरला. या बदलत्या काळांत १९६८ ते १९७९ च्या दरम्यान सहा वेळां जगज्जेता झालेला न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, स्वारीच्या कौशल्याइतकाच यंत्राच्या काटेकोर तयारीबद्दल नांवाजला गेला, यांत नवल नाहीं.

आपल्याकडे 'अति तेथें माती' अशी म्हण आहे. या खेळांत ती अक्षरशः खरी होते. मातीला पेलवेल त्याहून अधिक शक्ति चाकाला दिली, कीं हातीं धुरळ्याशिवाय कांहीं लागत नाहीं. सर्वांत बलाढ्य एंजिन नव्हे, तर ज्याचें बल मातीच्या मापाला उतरलें आहे, तें एंजिन जिंकतें.

अखेरची एक गोष्ट सांगून आपली रजा घेतों. प्रत्येक स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते; तो पडला कीं ती निसटते आणि एंजिनाची ठिणगी बंद होते. त्या दोरीचा उपयोग पडलेल्या स्वाराला आहेच. पण मोकाट गाडी ज्यांच्या अंगावर जाईल, त्या इतरांना तो अधिक आहे. साखळीवरील आच्छादनाचें तसेंच. धांवतां धांवतां ज्याचें एंजिन एकाएकीं अडकतें, त्याच्या मागून येणाऱ्यांपाशीं थांबण्याचें साधन नसतें. सायंकाळीं आवारांत एकटा बसून जो मेकॅनिक प्रत्येक नट पुन्हां एकदां आवळून पाहतो, तो आपल्या स्वाराला गुण मिळवून देईल अथवा न देईल. पण उरलेले तिघे त्याच्याच हातावर विश्वास टाकून वळणांत शिरत असतात. ब्रेक नसलेल्या या खेळांत ब्रेकचें काम अखेर या परस्परविश्वासाला करावें लागतें.