अल्कोहोलचा धडा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी एका पालकांनी मला विचारले, "सर, मुलीच्या पुस्तकात अल्कोहोलचा धडा आहे. तो शिकायलाच हवा का?" शंका प्रामाणिक होती, म्हणून तिचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल्-कुहल' म्हणजे सुरमा यावरून आला. रसायनशास्त्रात ते एका मोठ्या कुळाचे नाव आहे. दारूतील इथेनॉल हा त्या कुळातील केवळ एक पदार्थ. बेंझिल अल्कोहोल हा दुसरा. त्यातील हायड्रोजन काढून घेतला की बेंझाल्डिहाइड मिळते. कडू बदामाचा वास तो याचाच. सुगंधी द्रव्यांत ते वापरतात. मात्र क्रिया तेथेच थांबली पाहिजे. पुढे गेली तर बेंझोइक आम्ल होते. भाकरी वेळेवर उतरवली नाही तर करपते, तसेच हे.

पूर्वी या कामी क्रोमियमची विषारी संयुगे वापरीत. आता हवेतील ऑक्सिजनकडूनच ते करून घेता येते; पण त्यासाठी उत्प्रेरक, म्हणजे क्रियेला वेग देऊन स्वतः खर्च न होणारा पदार्थ लागतो. पॅलॅडियम हा असा धातू आहे, परंतु महाग. त्याचे कण जितके बारीक तितके काम अधिक, पण ते गाळून परत मिळवणे कठीण.

यावर उपाय निघाला. पेन्सिलीत असते त्या ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टर येथे चिकटपट्टीने सुटा केला. त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक ग्रॅम ग्राफीनचे पृष्ठफळ सुमारे २६०० चौरस मीटर भरते. अशा पटलावर पॅलॅडियमचे आणि मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे कण बसवतात. काम संपले की भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावायचा. शिंप्याच्या सांडलेल्या टाचण्यांप्रमाणे काळी भुकटी कडेला गोळा होते. द्रव ओतून घ्यावा, भुकटी धुऊन पुन्हा वापरावी. अर्थात धातू थोडाथोडा सुटतो, कण एकमेकांना चिकटतात आणि भुकटीची ताकद घटते. तिचे आयुष्य वाढवण्याचे काम अजून बाकी आहे.

पालकहो, ते काम उद्या आपल्याच मुलीने का करू नये? एका शब्दाला बिचकून तिला विज्ञानापासून दूर ठेवू नका. त्या पालकांनाही मी हेच सांगितले. त्यांची मुलगी आज अकरावी विज्ञानाच्या वर्गात आहे.

खुदा हाफिज.