आजारी मुलाची सुटी

आपल्याकडे दानाचे प्रकार पुष्कळ सांगितले आहेत. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान, औषधदान हे तर लहान मुलांनाहि ठाऊक असतात. परंतु आठ दिवसांची सुटी कोणी कोणाला दान म्हणून देतो, आणि तीहि एकट्यादुकट्याला नव्हे तर सबंध कुटुंबाला देतो, ही गोष्ट ऐकतांच पुष्कळांना ती श्रीमंत देशांतील एखादी लहर वाटेल. ती लहरच आहे, कीं तिच्यामागें कांहीं विचार आहे, आणि विचार असल्यास तो कितपत टिकतो, हें पाहण्यासारखें आहे.

‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांत जुनाच आहे. क्षयावर हमखास औषध निघालें नव्हतें त्या काळीं डॉक्टर रोग्याला मोकळ्या हवेंत जाऊन राहण्यास सांगत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं पांचगणीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम काढलें. देवळालीस व माथेरानला निरनिराळ्या समाजांतील दानशूर गृहस्थांनीं सॅनेटोरियमें बांधलीं. परंतु तेथील उद्देश शरीरापुरता होता. रोग्याला हवा मिळावी, भूक लागावी, ताप उतरावा, एवढीच अपेक्षा. ज्या सुटीचा येथें विचार करावयाचा आहे तिच्या योगानें रोग बरा होईल असें कोणीच म्हणत नाहीं. तरीहि हजारों माणसें तिच्यासाठीं पैसे देतात व राबतात.

या चळवळीचा आरंभ पाहण्यासाठीं १९८० सालापर्यंत मागें जावें लागतें. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यांत ७ वर्षांच्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. मोठेपणीं पोलीस व्हावें ही त्याची हौस. आणि मोठेपण त्याच्या वांट्याला येणार नाहीं हें घरच्यांना कळून चुकलें होतें. ही गोष्ट त्या राज्याच्या पोलीसखात्यांतील कांहीं माणसांच्या कानीं गेली. त्यांनीं मुलाला हेलिकॉप्टरमधून फिरवून आणलें, त्याच्या मापाचा गणवेष शिवविला, आणि एप्रिल महिन्याच्या अखेरीस त्याला मानद शिपाई म्हणून रीतसर खात्यांत घेतलें. मे महिना लागतांच तो मुलगा वारला. त्यानंतर त्याची आई, ते पोलीस व त्यांचे स्नेही यांनीं मिळून जी संस्था उभी केली ती ‘मेक-ए-विश’ या नांवानें जगभर ओळखली जाते. गंभीर आजार असलेल्या अडीच ते अठरा वर्षें वयाच्या मुलांची एकेक इच्छा पुरवावी, एवढेंच तिचें काम.

मुलांना त्यांची इच्छा विचारूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, कित्येकजण एकच गोष्ट मागतात. फ्लॉरिडा राज्यांत ऑरलँडो शहराजवळ १९७१ सालीं उघडलेली डिस्नेची नगरी त्यांना पाहावयाची असते. आतां आजारी मूल एकटें प्रवास करूं शकत नाहीं. त्याच्याबरोबर आई हवी, बाप हवा, आणि धाकट्या भावाला शेजाऱ्यांकडे ठेवून जाणें कोणालाच बरें वाटत नाहीं. अशा रीतीनें एका मुलाची इच्छा ही आपोआपच सगळ्या घराची सुटी झाली. पण ती सुटी जुळवून आणणें हें काम सोपें नव्हतें. त्यांतील अडचण एका हॉटेलवाल्याच्या ध्यानीं आली, आणि तीहि फार दुःखद प्रकारें आली.

या गृहस्थांचें नांव हेन्री लँडवर्थ. १९२७ सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते व त्यांची जुळी बहीण नाझींच्या हातीं सांपडलीं. ऑश्विट्झसारख्या छळछावण्यांत लँडवर्थ यांचें सारें कोवळें वय गेलें. आईबाप मारले गेले. हीं दोन भावंडें मात्र वांचलीं. पुढें खिशांत २० डॉलर घेऊन ते अमेरिकेस आले, कांहीं काळ तेथील सैन्यांत राहिले, आणि हॉटेलाच्या धंद्यांत खालच्या पायरीपासून चढत चढत फ्लॉरिडांत मालक झाले. इच्छा पुरविणाऱ्या संस्था त्यांच्याकडे आजारी मुलांसाठीं फुकट खोल्या मागत व ते त्या देत. एकदां रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीसाठीं त्यांनीं अशीच खोली राखून ठेवली होती. ती मुलगी आलीच नाहीं. विमानाचीं तिकिटें, गाडी, नगरींतील प्रवेश या साऱ्यांची जुळवाजुळव होईपर्यंत तिचें आयुष्य संपलें होतें. दान देण्याची इच्छा सर्वांना होती. उशीर झाला तो केवळ व्यवस्थेचा.

ही गोष्ट लँडवर्थ यांच्या मनाला लागली. पुन्हां असें होऊं द्यावयाचें नाहीं, असा निश्चय करून त्यांनीं १९८६ सालीं ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था काढली. विमान-कंपन्या, हॉटेलें व करमणुकीच्या नगऱ्या यांच्याशीं त्यांनीं आधींच बोलणीं करून ठेवलीं, म्हणजे निकड असल्यास एका दिवसांतहि सर्व व्यवस्था व्हावी. पुढें हॉटेलांच्या खोल्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां १९८९ सालीं किसिमी या गांवीं मुलांसाठीं स्वतंत्र वसाहतच उघडण्यांत आली. आज तेथें १६६ घरें आहेत आणि ७५ हून अधिक देशांतील कुटुंबें तेथें राहून गेलीं आहेत. लँडवर्थ २०१८ सालीं निवर्तले. वसाहत चालूच आहे.

या वसाहतीची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. कुटुंब एक आठवडा राहतें व त्याला कशाचेंहि मोल द्यावें लागत नाहीं. चाकांच्या खुर्चींतील मुलालाहि खुर्चीसकट चढतां यावें असे पाळणे तेथें आहेत. आइसक्रीम सकाळच्या न्याहारीलाहि मिळतें. नाताळ दर आठवड्याला साजरा होतो. कारण येत्या डिसेंबरची वाट पाहा, असें त्यांतील कित्येक मुलांना सांगतां येत नाहीं. प्रत्येक मूल सोनेरी कागदाच्या एका चांदणीवर आपलें नांव लिहितें आणि ती तेथील एका मनोऱ्याच्या छताला चिकटविली जाते. पुढें कधीं आईबाप पुन्हां तेथें आले, तर ती चांदणी त्यांना शोधून दाखविली जाते. कामाचा बराचसा भार हौशी स्वयंसेवक वाहतात. त्यांत पेन्शनर असतात, तशींच शाळकरी मुलेंहि असतात.

आतां या साऱ्यावर एक आक्षेप आहे व तो हलका नाहीं. २०१३ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत ५ वर्षांच्या एका आजारी मुलाला एक दिवस गोष्टींतला पराक्रमी वीर होतां यावें म्हणून सारें शहर रस्त्यावर लोटलें होतें. त्या प्रसंगीं पीटर सिंगर या तत्त्ववेत्त्यानें रोकडा हिशेब मांडला. एका मुलाची इच्छा पुरविण्यास सरासरी ७,५०० डॉलर लागतात; तेवढ्याच पैशांत हिंवतापाच्या प्रदेशांत मच्छरदाण्या वांटल्या, तर निदान तीन मुलांचे प्राण वांचतील. मग माणसानें दान कोठें करावें? समोर दिसणाऱ्या मुलाच्या हंसण्यासाठीं, कीं न दिसणाऱ्या तीन मुलांच्या जिवासाठीं? गणित म्हणून या प्रश्नाचें उत्तर एकच आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु या सुटीचे परिणाम केवळ एका दिवसाच्या हंसण्यापुरते नाहींत, हेंहि त्याबरोबरच ध्यानांत घेतलें पाहिजे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो मुख्य प्रकार आहे, त्यानें १९६० च्या सुमारास दहांतील नऊ मुलें दगावत. आज संपन्न देशांत दहांतील सुमारें नऊ बरीं होतात. मात्र त्यासाठीं दोन-अडीच वर्षें औषधोपचार चालतो. त्या काळांत मुलाला कोणी कांहीं विचारीत नाहीं. सुई केव्हां टोंचावयाची, काय खावयाचें, शाळेंत जावयाचें कीं नाहीं, सारें दुसरे ठरवितात. ‘तुला काय हवें?’ हा प्रश्न त्याला पुष्कळ दिवसांनीं प्रथमच विचारला जातो, आणि त्याचें उत्तर खरें होतें. पुढील उपचार सोसण्यास तें मूल कांहींशा निराळ्या मनानें जातें. ओहायो राज्यांतील एका बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, इच्छा पुरी झालेल्या मुलांना तशाच आजाराच्या इतर मुलांपेक्षां अकस्मात् रुग्णालयांत न्यावें लागण्याचे प्रसंग कमी आलेले दिसले. जुन्या नोंदींवरून केलेली ही तुलना आहे. तिच्यावर फार मोठी इमारत रचूं नये. तरी तिला कांहीं अर्थ आहे खास.

घरांतील दुसऱ्या मुलांचाहि विचार येथें केला पाहिजे. एक भावंड आजारी पडलें कीं, निरोगी भावंड घरांत असून नसल्यासारखें होतें. त्याच्या वाढदिवसाला आई रुग्णालयांत असते. त्याचा अभ्यास कोणी पाहत नाहीं. त्यानें हट्ट केला तर ‘तुला तरी समजायला हवें’ असें ऐकावें लागतें. आठ दिवसांच्या या सुटींत त्यालाहि आईबाप परत मिळतात.

‘शेवटची इच्छा’ हे शब्द मराठी कानांना अशुभ वाटतात. फांशीच्या कैद्याची आठवण होते. म्हणून आपल्याकडे पुष्कळ आईबाप अशा संस्थेचें नांव काढतांच दचकतात. वस्तुतः अट गंभीर आजाराची आहे, मरणाची नव्हे. मेक-ए-विशची भारतीय शाखा १९९६ सालीं मुंबईंत निघाली. येथील मुलांच्या मागण्या ऐकल्या म्हणजे मन गहिंवरतें. कोणी सायकल मागतें, कोणी बाहुली, कोणाला आवडत्या नटाला एकदां भेटावयाचें असतें.

मात्र सिंगर यांचा प्रश्न आपल्या देशांत अधिक टोंचतो. परळच्या टाटा रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून मुलें येतात. उपचाराची सोय झाली तरी राहावयाचें कोठें हा प्रश्न उरतो, आणि कित्येक कुटुंबांनीं फुटपाथवर दिवस काढले आहेत. जागेवांचून व रोजगारावांचून कंटाळून मूल अर्ध्या उपचारावर गांवीं नेलें कीं, बरा होणारा रोगहि बरा होत नाहीं. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेनें अशा रोग्यांना व त्यांच्या माणसांना आसरा दिला. २००६ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया’ या संस्थेच्या केंद्रांत कर्करोगी मुलें आईबापांसह फुकट राहतात. येथें आधीं निवारा, मग सुटी, हाच क्रम योग्य ठरेल. पण निवारा मिळाल्यावर सुटीची गरज संपते असें नव्हे.

ज्या घरांना फ्लॉरिडा परवडत नाहीं, पण ज्यांचें लोणावळ्यास किंवा कोंकणांत एखादें घर वर्षाचे दहा महिने कुलुपांत असतें, त्यांनाहि हें दान करतां येईल. मात्र त्याचे नियम पाळावे लागतील. काय हवें तें मुलालाच विचारावें; आपल्या हौशीची सहल त्याच्यावर लादूं नये. डॉक्टरांच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. कारण औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतांना गर्दी व उघड्यावरचें खाणें जिवावर बेतूं शकतें. भावंडांना बरोबर न्यावें. आभाराच्या भाषणांसाठीं व छायाचित्रांसाठीं त्या मुलाला उभें करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एकदां करावयाचें ठरल्यावर ‘पुढच्या सुटींत पाहूं’ असें म्हणूं नये. राखून ठेवलेल्या त्या रिकाम्या खोलीनें लँडवर्थ यांना शिकविलें तें एवढेंच होतें.